लिंबू फळीतून खाली पडते तेव्हा : ‘नांग नाक’विषयी

देवगड तालुक्यातील आपल्या आजोळी सांगितल्या जाणाऱ्या हडळीच्या गोष्टीवर आपण चित्रपट लिहीत आहात. त्या तयारीत ‘नांग नाक’ हा १९९९ सालचा थाई भयपट आपण पाहिला. त्यात भीती जवळजवळ वाटली नाही, शेवटी मात्र डोळ्यांत पाणी आले. तेव्हा हा भयपट फसला असे समजावे का, आणि त्यातून आपल्या गोष्टीसाठी काही घेण्यासारखे आहे का, असे आपण विचारले आहे. मी २४ वर्षे चित्रपटांचे संकलन करतो आणि त्यातील बराच काळ भयपटांत गेला आहे. हा चित्रपट मी टेबलावर थांबवत थांबवत कितीदा पाहिला, याची मोजदाद राहिलेली नाही. माझे उत्तर असे आहे की, तो फसलेला नाही. आपल्याला जे वाटले तेच दिग्दर्शकाला हवे होते, आणि ते मिळवण्यासाठी त्याने भयपटाचा एक मोठा आधार जाणूनबुजून सोडून दिला. तो कोणता आणि का, हे समजण्यासाठी आधी मूळ दंतकथा थाई माणसाला जशी ठाऊक असते तशी सांगावी लागेल.

बँकॉकच्या पूर्व भागात प्रा खनोंग नावाचा कालवा आहे. आज त्याच्या दोन्ही काठांना शहर आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे भातशेती, माडबने आणि खांबांवर उभी असलेली लाकडी घरे होती. तिथे नाक नावाची तरुण स्त्री आणि तिचा नवरा माक राहत होते. ती गरोदर असताना माकला सक्तीने युद्धावर नेले गेले. इकडे बाळंतपणात नाक मेली, बाळही गेले. जखमी माक बरा होऊन परत आला तेव्हा बायको मूल कडेवर घेऊन दारात उभी होती. तो संसाराला लागला. गावाने सांगून पाहिले, पण त्याने कोणाचे ऐकले नाही. मग एके दिवशी ती वर स्वयंपाक करत असताना तिच्या हातून लिंबू निसटले, फळ्यांच्या फटीतून घराखाली पडले, आणि ते उचलण्यासाठी तिने वरूनच हात लांब केला. खाली उभ्या असलेल्या माकने तो हात पाहिला. तो पळाला, कापरासारख्या उग्र वासाच्या ‘नात’ नावाच्या झुडपाआड लपला, आणि शेवटी बौद्ध विहारात शिरला. सोडून गेलेल्या नवऱ्याचा राग नाकने गावावर काढला. एका मांत्रिकाने तिला मडक्यात कोंडून पाण्यात सोडले, ते मडके पुढे कोणाच्या तरी हाती लागून ती सुटली, आणि अखेरीस सोमदेत तो या नावाने लोकांना प्रिय असलेल्या भिक्खूने तिला शांत केले. तिच्या कपाळाचे हाड काढून त्याने आपल्या कंबरपट्ट्यात बाळगले, असे सांगतात.

हा भिक्खू ऐतिहासिक आहे. तो १७८८ साली जन्मला, १८७२ साली वारला, आणि बँकॉकमधील वाट राखांग या विहाराचा प्रमुख होता. नाकचे देऊळही खरोखरच आहे. ऑन नुत भागात, त्याच कालव्याकाठी, वाट महाबुत या विहाराच्या आवारात तिची मूर्ती आहे. तिच्या अंगावर भक्त सोन्याचा वर्ख चिकटवतात, तिच्यासाठी रेशमी पोशाख आणतात, बाळासाठी खेळणी ठेवतात, आणि तिला करमणूक व्हावी म्हणून समोर टीव्ही लावून ठेवतात. लॉटरीचा आकडा मागायला लोक येतात, तसेच सैन्यभरतीची चिठ्ठी आपल्या मुलाच्या नावावर निघू नये म्हणून आयाही येतात. थायलंडमध्ये दर एप्रिलमध्ये ही सोडत होते. तांबडी चिठ्ठी निघाली की सैन्यात जावे लागते, काळी निघाली की सुटका होते. ज्या बाईचा नवरा सक्तीच्या भरतीने नेला, ती इतर बायकांच्या मुलांना तरी वाचवील, असा हा विश्वास आहे. आपण ज्याला फक्त भूत म्हणतो त्याच्याकडे लोक गाऱ्हाणे घेऊन जातात, हे कोकणातल्या माणसाला वेगळे समजावून सांगायला नको.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे भुताची संहिता लिहायला बसले की पहिला मोह होतो तो ‘ती जिवंत नाही’ हे झाकून ठेवण्याचा. प्रेक्षकाला अर्धा-पाऊण तास अंधारात ठेवावे आणि मग एका धक्क्यात उघड करावे, हा तो आधार. थायलंडमध्ये नाकच्या बाबतीत तो उपलब्धच नव्हता. १९३० च्या दशकापासून या कथेवर चित्रपट निघत आले होते. १९५९ सालचा चित्रपट तर एका पिढीच्या आठवणीत कायमचा बसला. नभोनाट्ये झाली, दूरचित्रवाणी मालिका झाल्या, पुढे २००३ साली ऑपेराही झाला. नाक मेलेली आहे हे तिथल्या सहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते. जुन्या आवृत्त्यांनी यातून वाट काढली ती बव्हंशी विनोदाची होती. भूत दिसताच गावकऱ्यांनी धावत जाऊन पाण्याच्या रांजणात उड्या मारायच्या, हे तर त्या चित्रपटांचे ठरलेले दृश्यच होऊन बसले होते.

दिग्दर्शक नोन्सी निमिबुत आणि लेखक विसित सासनतियेंग हे दोघेही जाहिरातीच्या क्षेत्रातून आलेले. १९९७ साली दोघांनी मिळून जुन्या बँकॉकमधील तरुण गुंडांवरचा चित्रपट केला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बाट हे थाई चलन कोसळून थायलंड आर्थिक संकटात सापडले. चित्रपटधंदा आधीच आजारी होता, त्यात हे संकट. अशा काळात सर्वांना पाठ असलेली गोष्ट पुन्हा सांगायला घेणे धाडसाचे होते. तरीही ‘नांग नाक’ने सुमारे १५ कोटी बाट मिळवले, जे त्या काळच्या थाई चित्रपटासाठी अपूर्व होते. या यशाचे कारण अनेकजण भव्य छायाचित्रणात शोधतात. मला ते पटकथेतील एका निर्णयात दिसते. प्रेक्षकाला जे ठाऊक आहे ते त्याच्यापासून लपवायचे नाही; उलट त्या ठाऊक असण्याचेच ओझे त्याच्या खांद्यावर ठेवायचे.

हे ओझे कसे चढते ते पाहा. चित्रपटाच्या पहिल्या भागात एकीकडे कळा देणारी नाक आणि दुसरीकडे जखमेने मृत्यूच्या दारात गेलेला माक ही दोन दृश्ये आलटून पालटून येतात. संकलक म्हणून सांगतो, अशी जोडणी सहसा उत्कंठेसाठी केली जाते : दोघांपैकी कोण वाचणार? इथे प्रेक्षकाला उत्तर माहीत आहे. त्यामुळे प्रत्येक वेळी चित्र माककडे परत येते तेव्हा तो श्वास घेतो आहे याचा आनंद होत नाही. तो वाचला की घरी जाणार, आणि घरी कोण आहे हे आपल्याला ठाऊक आहे, या विचाराने पोटात गोळा येतो. मग तो परततो, आणि आपण गावकऱ्यांच्या बाजूला उभे राहतो. ज्यांना कळले आहे पण सांगता येत नाही अशा माणसांची जी घुसमट, ती इथे भीतीची जागा घेते. आणखी थोड्या वेळाने त्याहून विलक्षण गोष्ट घडते. ती दोघे इतकी सुखात दिसतात की, कोणी सांगायला येऊ लागले की आपल्यालाच वाटते, नको सांगू, आणखी एक दिवस जाऊ दे. तिथे आपण नाकच्या बाजूला गेलेलो असतो. आपल्या डोळ्यांत जे पाणी आले त्याची सुरुवात शेवटच्या प्रसंगात झाली नाही, ती इथे झाली.

यासाठी नावही नीट निवडले आहे. लोक तिला ‘मॅ नाक’ म्हणतात; ‘मॅ’ म्हणजे आई, आणि देवळातल्या मूर्तीलाही हाच मान दिला जातो. दिग्दर्शकाने शीर्षकात ‘नांग’ घेतले, म्हणजे लग्न झालेल्या कोणत्याही बाईच्या नावाआधी लागणारा साधा शब्द. गावाला जरब बसवणारी, नवसाला पावणारी मॅ बाजूला झाली आणि कोणा एकाची बायको समोर आली. याच्या जोडीला आणखी एक गंमतीची भाषिक बाब सांगतो. थाई बायको नवऱ्याला ‘पी’ म्हणून हाक मारते, ज्याचा मूळ अर्थ थोरला भाऊ. आणि भुतालाही थाईत ‘पी’च म्हणतात, फक्त सूर वेगळा. एकात आवाज खाली येतो, दुसऱ्यात वर चढतो. ‘पी माक’ ही नाकची लांबवलेली हाक थायलंडमध्ये मुले खेळातही मारतात. त्या एका हाकेत नवरा आणि भूत केवळ सुराच्या अंतरावर उभे असतात, आणि हे कोणत्याही भाषेतील उपशीर्षकांत उतरत नाही.

आता त्या लिंबाकडे येऊ, कारण आपल्या कामाचे सर्वांत जास्त तिथे आहे. थाई ‘मनाव’ म्हणजे आपले कागदी लिंबू, तेच लहान, पातळ सालीचे. मराठी प्रेक्षकाला लिंबू दिसले की उतारा, चौरस्ता, टाचणी, दाराला टांगलेली मिरची आठवते, आणि म्हणून हे दृश्य पहिल्यांदा पाहताना आपण ते चुकीचे वाचतो. तिथे लिंबाचा मंत्रतंत्राशी संबंध नाही. ते चटणीसाठी आहे. खलबत्त्यात मिरची-लसूण कुटून त्यावर पिळायचे लिंबू, घरात रोज लागणारे. घराची रचनाही लक्षात घ्यायला हवी. पुराच्या पाण्यापासून वाचण्यासाठी जुने थाई घर पुरुषभर उंच खांबांवर असते. खाली मोकळी सावलीची जागा असते, तिथे माग असतो, अवजारे असतात, दुपारी माणसे विसावतात. वरची जमीन फळ्यांची, आणि फळ्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवलेल्या, म्हणजे खालून वारा येतो आणि केर खाली पडतो. अशा घरात वरून काहीतरी पडणे ही दिवसात चार वेळा होणारी गोष्ट आहे. खाली असलेला माणूस ते उचलून वर देतो, किंवा वरची बाई शिडी उतरून खाली येते.

नाक शिडी उतरत नाही. तिच्या मनात नवऱ्याला घाबरवायचे नसते. तो खाली आहे हे तिच्या ध्यानातच नसते. हातातले काम अर्धे आहे, लिंबू हवे आहे, म्हणून हात पुढे केला, आणि मेलेल्या माणसाचा हात जितका लागेल तितका लांबला. घरकामाच्या सवयीतून ती उघडी पडते. लोककथेतील कोणा अनामिक सांगणाऱ्याची ही प्रतिभा मला थक्क करते. भूत पकडले गेले ते सूड घेताना नव्हे, स्वयंपाक करताना. नोन्सी निमिबुतने हे दृश्य मोठ्या आवाजाने भरले नाही, हे त्याचे शहाणपण. इथे ज्याचा चेहरा महत्त्वाचा आहे तो माक आहे, कारण आपल्याला जे तासभर ठाऊक होते ते त्याला या क्षणी कळते. भीती हाताची नाही. आपले ज्ञान आता त्याचे झाले, आणि ते परत घेता येणार नाही, याची आहे. या क्षणापर्यंत तो राहत होता ते घर नीटनेटके होते. यानंतर त्याला दिसते ती कुजलेली, कोळिष्टकांनी भरलेली खोपटी. घर तेच, फक्त पाहणारा बदलला. आपल्या संहितेत असा एक क्षण नक्की करून ठेवा आणि तो घरातल्या एखाद्या कामातून येऊ द्या.

काळ उभा करण्याच्या बाबतीतही चित्रपटाने तडजोड केलेली नाही. नाकचे काम करणारी इंतिरा जारोनपुरा आणि माक झालेला विनै क्राइबुत यांचे दात विड्याने काळे झालेले आहेत. नाकचे केस त्या काळच्या बायकांप्रमाणे आखूड कापलेले आहेत. लांब केस चेहऱ्यावर सोडलेली बाई हे भयपटांचे जे ठरीव रूप झाले आहे, त्यापासून हे फार दूर आहे. आजच्या प्रेक्षकाला काळे दात सुरुवातीला खुपतात, नंतर दिसेनासे होतात, आणि ते दिसेनासे होणे म्हणजेच आपण त्या काळात शिरलो.

चित्रपटाची सुरुवात १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाने होते. हे ग्रहण थाई इतिहासात फार महत्त्वाचे आहे. राजा मोंगकुत, म्हणजे चौथा राम, याने त्याचे गणित स्वतः केले, ते पाहण्यासाठी दक्षिणेकडे वा को येथे परदेशी पाहुण्यांसह तळ ठोकला, तिथे त्याला हिवताप झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो वारला. चित्रपट हे काही सांगत बसत नाही. थाई प्रेक्षकाला सूर्य झाकलेला दिसला की एक राजवट संपत आल्याचे कळते. पण आपल्यासाठी यात एक वेगळी गोष्ट आहे. त्याच दिवशी, थोडी आधी, तीच सावली आपल्या देवगड तालुक्यातील विजयदुर्गावरून गेली होती. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ त्याच ग्रहणाच्या निरीक्षणाशी जोडले जातात आणि हेलियमच्या शोधाची आठवण म्हणून तिथे दरवर्षी १८ ऑगस्टला कार्यक्रम होतो. आपण आपल्या गोष्टीला नक्की काळ दिलेला नाही असे लिहिले आहे. द्यायचा असेल तर तो आपल्या अंगणातच पडून आहे.

आता बाळंतपणाविषयी. याविषयी मी थोडे अधिक लिहितो, कारण भयपट लिहिणारे पुरुष इथे घाईने पुढे जातात. नाक हे साधेसुधे भूत नाही. पोटातल्या बाळासकट मेलेल्या बाईला थाईत ‘ताय तांग क्लोम’ असे स्वतंत्र नाव आहे आणि सर्व भुतांत ते अतिशय प्रबळ मानले जाते. आपल्याकडे हडळ हा शब्द सरसकट वापरला जातो, पण गरोदरपणी किंवा बाळंतपणात गेलेल्या बाईच्या भुताला अळवंतीण हा वेगळा शब्द मराठीत आहे, आणि आपल्या आजोळची गोष्ट नीट ऐकली तर ती अळवंतिणीचीच निघेल असा माझा अंदाज आहे. ज्या काळात प्रत्येक बाळंतपण म्हणजे मरणाशी गाठ होती, त्या काळात प्रत्येक घराला या भुताची भीती होती, कारण प्रत्येक घरात अशी एखादी बाई गेलेली होती. थायलंडमध्ये बाळंतिणीला कित्येक दिवस विस्तवाशेजारी फळीवर निजवत. आपल्याकडे बाजेखाली शेगडी ठेवतात. दोन्हीकडची माणसे ऊब देऊन त्या बाईला धरून ठेवू पाहत होती. ज्या घरात ती ऊब देऊनही बाई राहिली नाही, तिथे ती परत येण्याची भीती होती आणि ती परत यावी अशी इच्छाही होती. ‘नांग नाक’ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पडद्यावर ठेवतो, म्हणून तो मोठा चित्रपट आहे.

भयपट म्हणून ज्याची सर्वांना आठवण राहते ते दृश्य विहारातले आहे : भिक्खूंचे पठण चालू आहे, माक त्यांच्या कड्यात बसला आहे, आणि नाक छताला पाय लावून उलटी उभी आहे. ते उत्तम आहे. तरी माझ्या मते चित्रपटाचा तोल ठरवणारा प्रसंग त्यानंतरचा, सोमदेतच्या आगमनाचा आहे. मांत्रिक झुंज घेतो. भिक्खू झुंजत नाही, तो तिच्याशी बोलतो आणि तिला नवऱ्याचा निरोप घेऊ देतो. थायलंडसारख्या थेरवादी बौद्ध समाजातील प्रेक्षकासाठी हा भुताचा पराभव नाही. जे नित्य नाही त्याला धरून ठेवणे हेच दुःखाचे मूळ, ही शिकवण एका संसारी बाईला कळण्याचा तो क्षण आहे. थायलंडमध्ये अंत्यविधीला भिक्खू ‘अनिच्चा वत संखारा’ ही पाली गाथा म्हणतात. महाराष्ट्रातील बौद्ध घरांत मृत्यूच्या वेळी हीच गाथा म्हटली जाते, आणि त्या घरांतील प्रेक्षकाला हा शेवट इतर कोणाहीपेक्षा लवकर कळेल. थाई भाषेत मागे उरणाऱ्या जिवाला ‘विन्यान’ म्हणतात, तो आपल्या ‘विज्ञान’ शब्दाचाच पाली वंशातील भाऊ. भूत आणि प्रेत हे शब्दही तिथे थोड्या बदललेल्या उच्चारांनी नांदत आहेत. थाई भुतांचा मुलूख आपल्याला वाटतो तितका परका नाही.

२०१३ सालच्या ‘पी माक’चाही आपण ओझरता उल्लेख केला आहे. बान्चोंग पिसन्तनकुन याने तीच कथा विनोदी केली, मारियो माउरर आणि दाविका होर्ने यांना जोडीला घेतले, माकला चार घाबरट मित्र दिले, आणि चित्रपटाने १०० कोटींहून अधिक बाट मिळवून थायलंडमधील विक्रम मोडले. विनोद मला जागोजागी सैल वाटतो. पण शेवटी माक म्हणतो की, ती मेलेली आहे हे त्याला आधीच कळले होते आणि तरीही त्याला तिच्याबरोबरच राहायचे आहे. हा बदल फार विचाराने केलेला आहे. १९९९ च्या चित्रपटाने प्रेक्षकाचे ज्ञान नवऱ्यापासून दूर ठेवले होते. याने नवऱ्यालाच प्रेक्षकाच्या पुढे नेऊन बसवले. दोघांनीही ‘ती भूत आहे’ हे गुपित म्हणून वापरले नाही. कोणाला काय आणि कधी कळते एवढेच त्यांनी हलवले.

आपल्या पत्रातील शेवटची शंका अशी की, आजच्या काळात असे चित्रपट करणे म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणे होईल का. याबाबतीत नाकच्याच कथेतील एक नोंद उपयोगी आहे. १८९९ साली ‘सयाम प्रपेत’ या नियतकालिकात कुलाप नावाच्या लेखकाने लिहिले की, या कथेमागे प्रा खनोंगच्या एका अधिकाऱ्याची मुलगी नाक होती, ती गरोदरपणी वारली, तिच्या नवऱ्याचे नाव माक नसून चुम होते, आणि बापाने दुसरे लग्न केल्यास वारसा वाटला जाईल या भीतीने मुलाने बायकी कपडे घालून जाणाऱ्या होड्यांवर दगड मारले, म्हणजे आईचे भूत फिरते असे लोकांना वाटावे. आपल्याकडे भानामतीच्या प्रकरणांत घरावर पडणाऱ्या दगडांमागे घरातलाच हात असतो हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी कितीदा दाखवून दिले आहे, त्याचीच ही थाई जोड. मला ही नोंद चित्रपटाच्या विरोधात जाणारी वाटत नाही. आई गेल्यावर घरात परकी बाई येईल या भीतीने रात्री काठावर उभा राहून दगड मारणारा मुलगा, हेही त्याच दुःखाचे एक टोक आहे. भूत खरे असे चित्रपटाने सांगू नये. ते कोणाला का हवे होते हे सांगावे.

माझी एक चूक सांगतो, ती आपल्याला टाळता येईल. काही वर्षांपूर्वी विहिरीत गेलेल्या एका बाईच्या गोष्टीवरील लघुपट मी संकलित केला. ती जिवंत नाही हे आम्ही १७ मिनिटे लपवून ठेवले होते आणि त्या लपवण्याचा आम्हाला अभिमान होता. ज्या गावात ही गोष्ट सांगतात तिथल्याच शाळेच्या वर्गात तो दाखवला. चौथ्या मिनिटाला पुढच्या ओळीतील एक आजी शेजारणीला म्हणाल्या, “अगो, ही तीच, विहिरीतली.” तिथून पुढची १३ मिनिटे सगळा वर्ग चित्रपट आपल्यापर्यंत पोहोचण्याची वाट पाहत शांत बसून राहिला. परत आल्यावर मी विहिरीवरची घागर पहिल्या मिनिटात आणली, पाण्यात पडण्याचा आवाजही आणला, आणि तीन मिनिटे कापली. चित्र तेच, एकही नवा शॉट नाही. पण पुढच्या वेळी त्याच आजी, नवरा घरी येतो तिथे, पदर तोंडाला लावून बसल्या.

आपल्या गोष्टीतील बाई तिन्हीसांजेला पाणंदीच्या तोंडाशी उभी राहून गाडीवानाकडे चुना मागते आणि न दिल्यास गाडीमागे धावते, असे आपण लिहिले आहे. कोकणात ही गोष्ट अनेक गावांत आहे आणि चुना का, याचा विचार फारसा कोणी करत नाही. मी आपल्या जागी असतो तर तिथेच थांबलो असतो. बाळंतिणीला जेवणानंतर विडा देतात. ही बाई बाजेवरच गेली. तिला तो विडा मिळाला नाही. ती गाडीवानाला घाबरवायला उभी नाही, तिचा विडा अडला आहे. पान तिच्याजवळ आहे, सुपारी आहे, चुना तेवढा नाही. असे धरले तर पहिले दृश्य पाणंदीचे राहणार नाही. ते बाळंतिणीच्या खोलीतील होईल : बाजेखाली विझत आलेली शेगडी, उशाशी पितळी पानपुडा, त्यात देठ काढून ठेवलेली दोन पाने, आणि चुन्याची डबी उघडून पाहणारी सासू, जिला ती कोरडी आढळते आणि जी ‘उद्या आणू’ म्हणून झाकण लावते. प्रेक्षकाला तेव्हाच सर्व कळू द्या. मग पाणंदीवर गाडीवान थांबेल, कंबरेची डबी काढून पुढे धरील, आणि तिचा हात किती लांब झाला हे दाखवण्याची आपल्याला गरज उरणार नाही. डबी परत घेतल्यावर आतल्या ओल्या चुन्यावर उमटलेले एका बोटाचे ओरखडे कंदिलाच्या उजेडात दाखवले की पुरे.